‘वात आहे’ हे निदान नव्हे!

इतवारीच्या किराणा ओळीत धान्य निवडणारी एक मावशी आम्हाला भेटली. वय चाळिशीच्या आत. दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजलेली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, चहाचा कप धरवत नाही. तीन वर्षे ती एकच वाक्य ऐकत आली होती : ‘बाई, वात आहे.’ कुणी तेल दिले, कुणी गंडा बांधला. एका दुकानदाराने कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून दिल्या. त्या घेतल्या की दुखणे पळायचे, सोडल्या की दुप्पट यायचे आणि चेहरा मात्र सुजत गेला. त्या गोळ्या स्टिरॉइडच्या असाव्यात, हे तिला कोण सांगणार?

वात हे कोणत्याही रोगाचे नाव नाही. सांधे दुखण्याचे शंभराहून अधिक आजार आहेत आणि त्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. पोती वाहणाऱ्या हमालाचा गुडघा झिजतो तो संधिवात. तो चालले की दुखतो, बसले की निवतो आणि एक्स-रेत दिसतो. मावशीचा आजार तो नव्हे. तिला आमवात आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती, जी रोगजंतूंशी लढायची, तीच आपल्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दोन-तीन पटीने अधिक होतो. सुरुवातीला एक्स-रे चांगला निघतो. म्हणून ‘काही नाही, जा घरी’ असे सांगितले जाते आणि नेमके तेच महिने उपचाराचे असतात.

यासाठी रक्ताच्या दोन तपासण्या महत्त्वाच्या : आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. पण कागदावर ‘निगेटिव्ह’ लिहिले म्हणून आजार नाही, असे समजू नये. चार-पाच आमवाताच्या रुग्णांत एखाद्याचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो. हात तपासणारा डॉक्टर आणि सकाळच्या आखडण्याची नीट विचारपूस, हे कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा मोठे. तरुण पोराची कंबर पहाटे दुखून झोपमोड करते आणि हालचालीने बरी वाटते, तेव्हा ती हमालीची कंबर नसून मणक्याचा आमवातही असू शकतो. २००६ आणि २०२४ मध्ये नागपुरात चिकुनगुन्याची साथ आली. त्या तापानंतर महिनोन्महिने सांधे धरलेले अनेकजण आपण पाहिले आहेत.

आता आमच्या वस्त्यांबद्दल. विदर्भात बौद्ध, आदिवासी, तेली, कुणबी समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. मध्य भारतातील सिकलसेलवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली आला. म्हणजे विज्ञानाला हे ठाऊक असून अर्धशतक उलटून गेले. तरीही हातपाय ठणकणाऱ्या पोराला आजही ‘वाताचे इंजेक्शन’ टोचले जाते! सिकलसेल हा प्रतिकारशक्तीचा बिघाड नव्हे. यात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडाला रक्त मिळत नाही. खुब्याचे हाड मरते आणि पोरगा विशीतच लंगडू लागतो. प्राथमिक तपासणी सोल्युबिलिटीची, खात्री इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. किती पालकांना हे माहीत आहे?

आमचे म्हणणे साधे आहे. मेयो रुग्णालय इतवारीला लागून आहे. दुखणे दीड महिना टिकले, सांधा सुजला, सकाळी आखडला, की पुडी घेऊ नका. मेडिसिन विभागात जा. ‘कोणता वात?’ असे विचारा. उत्तर कागदावर लिहून मागा. रोजमजुरी बुडते हे आम्हाला कळते. म्हणूनच संधिवातशास्त्राची ओपीडी आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी भरावी, ही मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे. हमालांच्या संघटनांनी तर आधी.

मावशीचे निदान शेवटी झाले. तिला मेथोट्रेक्सेट सुरू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून तिच्या मुलीने कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल खूण केली आहे. सूज उतरली आहे. डाव्या हाताची दोन बोटे मात्र वाकली ती वाकलीच.