वेग मोठा की सुरावट? रॉक गिटारमधला जुना वाद नीट समजून घेऊया

घरात गिटार शिकणारं पोर असेल, तर हा प्रसंग तुम्हाला ओळखीचा वाटेल. पोरगा खोलीचं दार लावून तासभर सराव करतो. बोटं अशी पळतात की बघत राहावं. बाहेर आल्यावर आई विचारते, "छान वाजवलंस रे, पण गाणं कुठलं होतं?" पोरगा हिरमुसतो. क्लासमधला त्याचा मित्र मात्र उलट्या टोकाला. "वेग काय चाटायचाय? फील पाहिजे," असं म्हणून त्यानं स्केलचा सराव कधीच सोडून दिलाय. वर्ष-दोन वर्षं जातात आणि अनेकदा दोघांच्याही गिटारी कपाटावर चढतात. एकाला हवा तेवढा वेग आला नाही, दुसऱ्याचा एकही सूर जागेवर लागला नाही.

बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, गिटार शिकणाऱ्यांत हा वाद रंगतोच. रॉक संगीतात तो चाळीस-पन्नास वर्षं चालू आहे. एका बाजूला तंत्र, दुसऱ्या बाजूला सुरावट, अशी त्याची मांडणी होते. ही मांडणीच थोडी चुकलेली आहे. वेग मोजता येतो, म्हणून आपण त्यालाच तंत्र म्हणतो. संथ आणि सुरेल वाजवणाऱ्याचं तंत्र मोजायला सोपं नसतं, म्हणून ते "फील" या नावाखाली झाकलं जातं.

वेग म्हणजे नेमका किती?

मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर लावला आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर वाजवले, तर मिनिटाला ४८० स्वर होतात. म्हणजे सेकंदाला ८. तोच मेट्रोनोम १८० वर नेला की सेकंदाला १२ स्वर. इथपर्यंत पोहोचायला वादकांनी वेगवेगळ्या युक्त्या शोधल्या. पिक एकदा खाली, एकदा वर असा आळीपाळीनं मारायचा. काही स्वर पिक न मारता डाव्या हाताच्या बोटानं तारेवर ठोकून किंवा तार सोडताना खेचून काढायचे. पिक एका दिशेनं सगळ्या तारांवरून झाडू फिरवल्यासारखा न्यायचा, त्याला स्वीप म्हणतात. आणि टॅपिंगमध्ये तर पिक मारणाऱ्या उजव्या हाताची बोटंही थेट फ्रेटबोर्डवर आदळतात.

हे सगळं शक्य झालं ते इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्पमुळे. साध्या गिटारवर तारेला हलका स्पर्श केला तर हलकाच आवाज येतो. ॲम्पवर डिस्टॉर्शन चढवलं की लहान आणि मोठा आवाज जवळजवळ सारख्या पातळीवर येतात. मग नुसत्या बोटाच्या ठोक्यानं काढलेला स्वरही पिकच्या स्वराइतकाच ठणठणीत ऐकू येतो. वेगवान वादनाचा हा पाया.

गंमत अशी, की त्याच डिस्टॉर्शननं दुसरीही एक गोष्ट दिली. साध्या गिटारचा स्वर काढल्या काढल्या विरायला लागतो, डिस्टॉर्शनवर तो कितीतरी लांब टिकतो. स्वर टिकला की तो वळवता येतो, हलवता येतो, गळ्यासारखा गाता येतो. म्हणजे वेगवाले आणि सुरावटवाले, दोघांची भाकरी एकाच तव्यावरची!

१९७८ चा धक्का

रॉकमध्ये वेगाची मोठी लाट आली ती एडी व्हॅन हेलनमुळे. त्याच्या बँडचा पहिला अल्बम १९७८ साली आला. त्यात 'इरप्शन' नावाचा फक्त गिटारचा एक तुकडा आहे, पावणेदोन मिनिटांपेक्षाही थोडा कमी. त्यातलं दोन्ही हातांचं टॅपिंग ऐकून हे गिटारवर वाजतंय यावर लोकांचा विश्वास बसेना. टॅपिंग त्याच्या आधीही होतं, जेनेसिस बँडच्या स्टीव्ह हॅकेटनं ते वापरलं होतं. पण सगळ्या जगाचं लक्ष त्याकडे गेलं ते 'इरप्शन'नंतर.

मग १९८४ साली स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीननं 'रायझिंग फोर्स' हा अल्बम काढला. त्याचे आदर्श पागानिनी आणि बाख. व्हायोलिनसाठी लिहिल्यासारख्या ओळी तो गिटारवर वाजवायचा. त्याचं आवडतं स्केल हार्मोनिक मायनर. आपल्याकडच्या कीरवाणी रागात हेच स्वर आहेत, त्यामुळे हे संगीत आपल्या कानाला फारसं परकं वाटत नाही. पुढची काही वर्षं जो तो वेगामागे धावला. कोण किती सेकंदात किती स्वर काढतो, यावर वादकाची पत ठरू लागली.

१९९१ साली निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' आलं आणि वारं फिरलं. त्या गाण्यातला गिटार सोलो म्हणजे कर्ट कोबेननं आधी गायलेली चालच, जवळजवळ तशीच गिटारवर उतरवलेली. वर्षभर शिकलेला मुलगाही तो वाजवू शकतो. लाखो लोकांनी तो गुणगुणला. तेव्हापासून "वेगवाले हरले, सुरावट जिंकली" असं म्हणायची पद्धत पडली.

संथ म्हणजे सोपं नव्हे

पण सुरावटवाल्यांच्या देवघरात डोकावलं, तर तिथं वेगळंच दिसतं. पिंक फ्लॉइडचं 'कम्फर्टेबली नम्ब' १९७९ साली 'द वॉल' या अल्बममध्ये आलं. डेव्हिड गिलमोरचा त्यातला शेवटचा सोलो हा भावपूर्ण वादनाचा नमुना म्हणून सांगितला जातो. लोकांना वाटतं, माणसानं डोळे मिटले आणि ते हृदयातून वाहत आलं. प्रत्यक्षात गिलमोरनं त्या जागेसाठी अनेक सोलो वाजवून रेकॉर्ड केले. मग ते पुन्हा पुन्हा ऐकले, कुठल्या सोलोतला कुठला तुकडा चांगला आहे त्याच्या खुणा केल्या आणि ते तुकडे जोडून अखेरचा सोलो तयार केला. ज्याला आपण उत्स्फूर्त भाव म्हणतो, त्यामागे अशी निवड आणि छाटणी आहे.

दुसरी गोष्ट बेंडची. गिटारच्या पडद्यांवर स्वरांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. दोन पायऱ्यांच्या मधून जायचं तर तार बोटानं बाजूला ढकलावी लागते, म्हणजे ताण वाढतो आणि स्वर चढतो. आपल्या सतारीवर मींड घेतात, त्याच जातीचं हे काम. सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत ओढता येतं. गिटारवर बहुधा एक ते दीड स्वर. पण अडचण तीच: कुठं थांबायचं ते दाखवणारा पडदा नसतो. कानानं सांगायचं आणि बोटानं ऐकायचं.

आता हिशेब करा. सेकंदाला १२ स्वर वाजत असताना एखादा स्वर किंचित बेसूर झाला, तर तो एका सेकंदाच्या बाराव्या भागात निघून जातो. तिथं चूक कळते ती लयीची. तीन सेकंद टिकलेला एकच स्वर किंचित जरी खाली राहिला, तरी मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही तो टोचतो. लपायला जागाच नसते.

बी. बी. किंग हे ब्लूजमधलं मोठं नाव, रॉकचे कितीतरी गिटारवादक त्यांच्याकडे बघून शिकले. त्यांचे स्वर मोजके. पण एका स्वरावर बोट ठेवून मनगटानं दिलेलं आंदोलन, म्हणजे व्हायब्रेटो, इतकं स्वतःचं की दोन स्वरांत माणूस ओळखू यावा. नात्यातले बुका व्हाइट स्लाइडवर जो आवाज काढायचे तो आपल्याला जमेना, म्हणून त्या आवाजाच्या मागे लागता लागता हा व्हायब्रेटो घडला, असं ते सांगायचे. याला तंत्र म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

दोन्ही एकाच हातात

वेगवाल्यांकडेही सुरावट नसते असं नाही. एडी व्हॅन हेलन लहानपणी पियानो शिकला होता आणि एरिक क्लॅप्टनचे सोलो त्यानं स्वरन् स्वर पाठ केले होते. १९८२ च्या 'थ्रिलर' अल्बममधल्या मायकल जॅक्सनच्या 'बीट इट' गाण्यातला सोलो त्याचाच. वाजतो अर्ध्या मिनिटाच्या आसपास. टॅपिंग आहे, झपाट्यानं धावणाऱ्या ओळी आहेत, पण गाण्याची लय कुठं सुटत नाही आणि सोलो संपतो तेव्हा गाणं आणखी तापलेलं असतं.

दुसरं उदाहरण क्वीनचं. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे अनेकांना माहीत असेल. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त त्याचा आवाज थांबतो आणि ब्रायन मेची गिटार सुरू होते. हा मे मोठा तयारीचा वादक. वडिलांच्या मदतीनं त्यानं स्वतःची गिटार घरी बनवली, मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं, आणि पिकऐवजी तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. या गाण्यात त्याला हवा तेवढा वेग दाखवता आला असता. त्यानं एक छोटी, स्वतंत्र चाल वाजवली. ती शब्दांशिवाय गुणगुणता येते, आणि म्हणूनच गाण्याचा भाग होऊन बसली.

आपल्याकडचा जुना धडा

हा वाद आपल्या मैफलींना नवा नाही. तानबाजी ऐकून वाहवा करणारे आणि "राग दिसला का?" विचारणारे, दोन्ही श्रोते आपल्याकडे आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व पुढे इंदूरजवळच्या देवासला राहिले. क्षयरोगानं त्यांना काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं, फुप्फुसाची ताकद गेली. पुन्हा गायला लागले तेव्हा लांब दमाच्या ओळींच्या जागी छोटे, धारदार तुकडे आले. तुकडा छोटा झाला, पण सुराची नेमकी जागा आणि मधली शांतता यांची जबाबदारी वाढली. कमी स्वरांत सांगायचं तर प्रत्येक स्वर पक्का लागतो, हे त्यांच्या गाण्यात स्पष्ट ऐकू येतं.

मग सराव काय करायचा?

पहिलं, आधी गा, मग वाजवा. गळा चांगला नसला तरी चालेल. जी ओळ तोंडानं म्हणता येत नाही, ती बहुतेक वेळा बोटांच्या सवयीतून आलेली असते.

दुसरं, बेंड तपासा. इलेक्ट्रिक गिटारवर पहिली तार मोकळी वाजवा. आता तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरून तार ढकला आणि स्वर त्या मोकळ्या तारेइतकाच आणा. दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज थरथरत असेल, तर अजून जुळलेलं नाही. साध्या गिटारवर तारा जाड असतात, तिथं दुसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवरून अर्धाच स्वर चढवा. जुळवायची तीच मोकळी पहिली तार.

तिसरं, फक्त चार स्वर घ्या आणि दोन मिनिटं वाजवा. चारच स्वर असले की कुठं थांबायचं, कुठला स्वर लांबवायचा, कुठं गप्प बसायचं, याचा विचार आपोआप सुरू होतो.

चौथं, स्केल आणि मेट्रोनोम सोडू नका. ६० वर सुरू करा आणि एकही स्वर अडखळला नाही तरच पुढं जा. मनात आलेली ओळ बोटांना पेलली पाहिजे, त्यासाठी वेग लागतोच.

पाचवं, आठवड्यातून एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना बोटांकडे लक्ष असतं, ऐकताना सुरांकडे जातं.

आणि पालकांसाठी एक विनंती. पोरगं किती वेगात वाजवतं हे पाहुण्यांना दाखवायला सांगू नका. "कालचं ते गाणं वाजव ना रे," असं सांगा. ते ऐकून स्वयंपाकघरातलं कुणी नकळत गुणगुणायला लागलं, तर त्याला स्वतःलाच कळेल की आज काय जमलं.