बंद दाराआडचे बंधू

तुमच्यापैकी पुष्कळजण गवंडीकाम करतात. गुण्या कशाला लावतात, ओळंबा का सोडतात, हे तुम्हांला आम्ही काय सांगणार? पण हीच हत्यारे कामाला न वापरता नुसती खूण म्हणून मानणारी एक मंडळी आहे. त्यांना 'फ्रीमेसन' म्हणतात. मेसन म्हणजे गवंडी. त्यांच्या शाखेला 'लॉज' असे नाव आहे.

मुंबईत बोरीबंदर स्टेशनपासून चालत थोड्याच अंतरावर, कोट भागात, त्यांचे मोठे सभागृह आहे. सभा सुरू झाली की दार बंद. बाहेर एक पहारेकरी उभा असतो. आत काय चालते ते कोणाला दिसत नाही, मग लोक काहीबाही बोलणारच! लाहोरला तर अशा घराला लोक 'जादूघर' म्हणत. मुंबईत जन्मलेल्या किपलिंग या इंग्रज लेखकाच्या 'किम' या कादंबरीत ते नाव आलेले आहे.

जादू काही नाही. जुन्या काळी विलायतेत मोठमोठी देवळे बांधणारे पाथरवट कामाजवळ एक खोपटे उभारीत. त्यात हत्यारे ठेवायची, भाकरी खायची, विसावा घ्यायचा. त्या खोपटाचे नाव लॉज. पुढे त्यांच्यात गवंडी नसलेले सुखवस्तू लोक शिरू लागले. होता होता खरे गवंडी बाजूला राहिले आणि नाव तेवढे उरले. १७१७ साली लंडनच्या चार लॉजांनी एक होऊन मोठे लॉज स्थापले, असे ते लोक परंपरेने सांगतात. कुठे, ठाऊक आहे? एका दारूच्या गुत्त्यात! त्या गुत्त्याचे नाव होते 'हंस आणि भाजायची जाळी'.

तेव्हा त्यांना स्वतःचे घर नव्हते. भाड्याच्या खोलीत जमायचे, जमिनीवर खडूने गुण्या, कंपास, खांब अशी चित्रे काढायची. आपल्याकडे रांगोळी घालतात तसेच म्हणा ना. सभा संपली की ती ओल्या फडक्याने पुसून टाकायची, म्हणजे गुत्तेवाल्याला काही कळू नये. पुढे रोज काढण्याचा खटाटोप नको म्हणून कापडावर चित्रे रंगवली, मग फळ्यावर. लंडनला पहिले स्वतंत्र सभागृह १७७६ साली उघडले. आता सभागृहात काळ्या-पांढऱ्या फरशीचा पट असतो. मुख्याची खुर्ची पूर्वेला, कारण सूर्य तिकडून उगवतो. त्याचे दोन मदतनीस पश्चिमेला आणि दक्षिणेला बसतात. सभासद कमरेला एप्रन बांधतात. सभेत धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायचा नाही, असा कडक नियम आहे. एकमेकांना ते 'बंधू' म्हणतात.

आता या बंधूंच्या घरात शिरायचे कसे? नवा माणूस घ्यायचा असेल तर एक पेटी फिरवतात. प्रत्येक सभासद तीत गुपचूप एक गोळी टाकतो. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नको. लॉजच्या नियमाप्रमाणे एक, दोन किंवा तीन काळ्या गोळ्या पडल्या की माणूस बाहेर. गोळी कोणी टाकली, का टाकली, हे विचारायची सोय नाही.

मुंबईत पहिले लॉज १७५८ साली निघाले. सभासद गोरे. कंपनीचे नोकर, लष्करातले अधिकारी, असे. माणकजी करसेटजी नावाचे एक शिकलेले पारशी गृहस्थ होते. मुलींच्या शिक्षणासाठी पुढे त्यांनी मोठी खटपट केली. त्यांना फ्रीमेसन व्हावेसे वाटले. विलायतेत त्यांची डाळ शिजली नाही. शेवटी पॅरिसच्या एका लॉजने त्यांना घेतले. म्हणजे ते रीतसर बंधू झाले. पण मुंबईला परत आले, तर इथल्या बंधूंनी त्यांना आपल्या लॉजमध्ये घ्यायला नकार दिला! पॅरिसला जो भाऊ, तो आपल्या गावात परका. माणकजींना काय वाटले असेल, ते आम्ही लिहीत नाही. तुम्हांला ते समजेल.

मुंबईत जेम्स बर्न्स नावाचा स्कॉटलंडचा डॉक्टर कंपनीच्या नोकरीत होता. पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजांचा तो प्रमुख होता. त्याने वाद घालत न बसता १८४३ च्या डिसेंबरात नवेच लॉज काढले आणि त्यात हिंदी माणसांना दार उघडले. नाव ठेवले 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया', म्हणजे पश्चिम हिंदुस्थानचा उगवता तारा. माणकजी त्यात आले, आणखी पारशी आले, मुसलमान आले. शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची.

हिंदूंना मात्र थांबावे लागले. फ्रीमेसनाने एका परमेश्वराला मानले पाहिजे, असा नियम. हिंदूंचे देव तर पुष्कळ, असे काही गोऱ्यांचे म्हणणे. आमच्या मते ही सबबच होती. एकच देव नाना रूपांत, हे इथल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ साली अर्ज केला. नऊ वर्षे लिहालिही करून १८७२ साली ते आत गेले. त्याच शहरात १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण फ्रीमेसन झाला. तेच पुढचे स्वामी विवेकानंद.

धर्माची अडचण सुटली, पण वर्गणी, पोशाख, जेवणे यांचा खर्च होताच. इंग्रजीही यावे लागे. गिरणीत राबणाऱ्याला हे कसे परवडावे? फरशी बसवणारा गवंडी सभागृहात कामापुरता जाई, आणि फरशी बसली की त्याचे तिथले काम संपे.

स्वराज्य आल्यावर १९६१ साली दिल्लीला भारताचे स्वतंत्र मोठे लॉज स्थापन झाले. रामपूरचे नवाब त्याचे पहिले प्रमुख होते. बरीच लॉजे त्यात गेली, काहींनी इंग्लंड-स्कॉटलंडशी जुने नाते तसेच ठेवले. भारतीय लॉजच्या सभेत गीता, कुराण, बायबल, पारशांचा अवेस्ता आणि शिखांचा ग्रंथसाहेब हे सगळे ग्रंथ मानाने ठेवतात. बायकांना या लॉजांत अजून सभासद होता येत नाही. आणि नवा बंधू घ्यायचा झाला, की गोळ्यांची पेटी फिरतेच.