पोटरी दुखते, पण कशाने?

आमच्या चाळीतील एक गृहस्थ रात्रपाळीचे वॉचमन. वय पंचेचाळीसच्या आत. चालताना पोटरीत गोळे येतात, म्हणून त्यांनी आम्हाला विचारले. आमच्या घरी सौ.च्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पट्टी बांधून तिला आराम पडला होता. तेव्हा ‘तुम्हीही बांधा, चांगली घट्ट बांधा,’ असे आम्ही सांगून मोकळे झालो. पंधरा दिवसांत त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला. रुग्णालयात तो काढावा लागला. पाय वाचला. पट्टीने दुखणे वाढले, असे डॉक्टर म्हणाले. चूक आमची होती; म्हणून नंतर समजून घेतले ते वाचकांपुढे ठेवतो.

हृदयाकडून पायाकडे रक्त आणते ती रोहिणी, परत नेते ती नीला, हे शाळेत आपण शिकलो. नीलेतल्या रक्ताला चढण असते. ते मागे येऊ नये म्हणून आत झडपा असतात, आणि चालताना पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात. तासन्‌तास उभ्याने काम करणारे, इस्त्रीवाले, परिचारिका, तसेच बाळंतपणे झालेल्या स्त्रिया यांच्यात या झडपा सैल पडण्याचा संभव अधिक. मग शिरा निळ्या, गाठीगाठीच्या दिसतात. संध्याकाळी घोटे सुजतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळवंडून जखम होते, ती लवकर भरत नाही. अशा वेळी पाय उशीवर उंच ठेवला की बरे वाटते.

रोहिणीचे नेमके उलटे. विडी, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांनी ती अरुंद होते. ठरावीक अंतर चालले की पोटरी आवळते. थांबले की थोड्या मिनिटांत मोकळी होते. पुढे पाऊल गार पडते, रात्री बोटे ठणकतात आणि पाय खाटेखाली सोडला तरच बरे वाटते. आधीच रक्त कमी, त्यावर आमची घट्ट पट्टी!

वॉचमनभाऊंना झाला होता तो बर्जरचा आजार. लिओ बर्जर या डॉक्टरांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. तंबाखूचे व्यसन असलेल्या, बहुधा पन्नाशीच्या आतल्या माणसाला तो गाठतो. यात तंबाखू पूर्णपणे सोडावी लागते. ‘दिवसाला एकच विडी’ ही सवलतही नाही. मशेरीही तंबाखूच, हे आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावे.

पट्टी बांधण्याआधी डॉक्टर पावलावरची नाडी चाचपतात, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याचा दाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला तर रोहिणीत अडथळा असल्याचा संशय येतो. मग डॉपलर तपासणी करतात.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर मात्र तो चोळू नये. आत गुठळी असू शकते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वॉचमनभाऊंची विडी सुटली आहे. परवा ते नाक्यापर्यंत न थांबता चालत गेले, असे त्यांच्या मुलीने सांगितले.