कप्तान नेमोचे कूळ

कादंबरीत्रयीचा शेवटचा भाग बहुधा फिका पडतो. ज्यूल व्हर्नचे ‘गूढ बेट’ (१८७५) मात्र त्यास अपवाद होय. पाणबुडीतून सूड उगवणारा नेमो कोण, हे आधीच्या ‘नॉटिलस’च्या कथेत वाचकांस कळतच नाही. व्हर्नने तो पोलिश सरदार योजिला होता. परंतु रशियातील वाचक दुरावतील म्हणून प्रकाशक हेट्झेलने ते मोडून काढले. अखेर तो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या संग्रामात बायकामुले गमावलेला! इंग्रजांनी ज्यांस बंडखोर म्हटले, त्यांतील एकास फ्रेंच लेखकाने नायक केले. (तो टिपू सुलतानाचा भाचा, हे मात्र आपल्या कुळवृत्तांतकारांस मानवायचे नाही.) बेटावरील संकटग्रस्त अमेरिकनांस गुप्तपणे साह्य करणारा हा वृद्ध वारल्यावर, त्याच्याच इच्छेनुसार त्यांनी नॉटिलस त्याच्यासह सागरतळी बुडविली.