मुळेतल्या माशांची हजेरी

हिंजवडीच्या आयटी पार्कने माण गावाच्या शिवारात पाय पसरले, शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचं टोकही इथेच आलं. या पसाऱ्यातून वाहून जाणारं पाणी शेवटी उतरतं मुळा नदीच्याच खोऱ्यात. या नदीत पूर्वी कोण जगत होतं, याची नोंद पुण्याकडे फार जुनी आहे.

कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी. त्याचं काम दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं. पण त्याने मासेही सोडले नाहीत. १८३९ साली त्याने त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. टोर खुद्री, गारा मुल्या, मिस्टस सींगटी या शास्त्रीय नावांतली मराठी त्याच्याच कागदांतून आली. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर.

पुढे १९४२ मध्ये फ्रेझर, १९६३ मध्ये तोनापी आणि मुल्हेरकर यांनी पुण्याच्या माशांच्या याद्या केल्या. २००३ मध्ये हेमंत घाटे आणि संजय खरात यांच्यासारख्या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांसह मुळा-मुठेचे मासे पुन्हा तपासले. शेजारच्या इंद्रायणीत खरात, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांना ५७ जाती सापडल्या. त्यांतल्या १२ फक्त पश्चिम घाटातल्या. हे संशोधन २०१२ चं. जुनी यादी हाताशी असली तरच कोण गैरहजर आहे ते कळतं.

गैरहजेरीची कारणं उघड आहेत. सांडपाणी कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, धरणं वाट अडवतात आणि तिलापियासारखे परके मासे उरलेली जागा बळकावतात.

पाण्याची तब्येत ओळखायला शिकवायचं तर महागडी उपकरणं लागत नाहीत. ओढ्यातला दगड उलटायचा. खाली मेफ्लाय या नाजूक कीटकाची पिल्लं चिकटलेली दिसली, तर पाणी बऱ्यापैकी निरोगी. गाळात लालभडक कायरोनोमस अळ्या आणि ट्युबिफेक्स जंतांचे पुंजकेच तेवढे निघाले, तर वरच्या अंगाला घाण मिसळते आहे. अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे हे जीव अल्प प्राणवायूवरही तगतात. माणच्या एखाद्या शाळेने विज्ञानाचा एक तास ओढ्यावरच घ्यायला काय हरकत आहे?

कोणता मासा मूळचा कुठला, हा अभ्यास संवर्धनालाही लागतो, नाहीतर चांगला हेतूही अंगाशी येतो. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली गेली. महाराष्ट्रासाठी ते मोलाचं काम. पण तीच खुद्री कावेरीत सोडली गेली, तिथे फोफावली आणि मूळच्या वशिंडवाल्या महसीरवर, टोर रेमादेवीवर, तिने कुरघोडी केली. तो मासा २०१८ पासून अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे.