टुंड्रांतील अन्नसाखळी व सातपुड्यांतील शेत

अक्राणी महालांत पौषमासची पहाट फार कडक असते. धडगांवाहून तोरणमाळच्या पठारावर गेलें असतां एखाद्या वर्षीं गवताच्या पात्यांवर दंव गोठून पांढरा थर बसलेला दृष्टीस पडतो. सूर्य वर आला कीं तासाभरांत तो विरघळतो आणि शेतकरी आपल्या कामास लागतो. परंतु वर्षाचे आठ-नऊ महिने हा थर उठतच नाहीं, जमिनीच्या पोटांत बर्फ कायमचें घट्ट बसलेलें असतें व उन्हाळ्यांत वरची हात-दीड हात मातीच काय ती मोकळी होते, असाहि मुलूख पृथ्वीवर आहे. सायबेरिया, अलास्का, कॅनडा व नॉर्वे ह्यांच्या अगदीं उत्तरेकडील ह्या प्रदेशास टुंड्रा म्हणतात. तेथें उंच वृक्ष उगवत नाहीं, नांगराचें तर नांवच नको. मग त्याची हकीकत सातपुड्यांतील शेतकऱ्यानें कां वाचावी?

कारण असें कीं, कोण कोणास खातो व कोण कोणावर जगतो, ह्या व्यवहाराचा हिशेब तेथें उघडा मांडलेला आहे. आपल्या डोंगरांत मोह, साग, चारोळी, शेंकडों जातींचे किडे, पक्षी व साप. ह्या गर्दींत एका धाग्याचा माग काढणें कठीण. टुंड्रांत जाती थोड्या, म्हणून धागा सुटा दिसतो. चार्ल्स एल्टन ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १९२१ सालीं ऑक्सफर्डच्या मोहिमेबरोबर स्पिट्सबर्गेन व बेअर बेट पाहिलें आणि १९२३ मध्यें समरहेज ह्या सहकाऱ्यासह बेअर बेटावरील ह्या साखळीचा तक्ताच प्रसिद्ध केला. त्यांत शेतकऱ्यास ओळखीची वाटेल अशी गोष्ट म्हणजे तेथील खत. पांखरें समुद्रांत मासे खातात, कड्यांवर घरटीं करितात, त्यांची विष्ठा खालीं पडते व त्या जागीं दाट हिरवळ उठते. हिरवळीवर किडे, किड्यांवर लहान पक्षी आणि पांखरांवर व त्यांच्या अंड्यांवर ध्रुवीय कोल्हा. शेतांत मेंढ्या बसवून घेणाऱ्या आपल्या माणसास हा व्यवहार निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. मात्र प्रत्येक पायरीवर खाल्लेल्यापैकीं फार मोठा भाग श्वासोच्छ्वासांत व ऊब राखण्यांत खर्ची पडतो. वरच्या पायरीस दहावा हिस्सा, बहुधा त्याहूनहि कमी पोंचतो. म्हणूनच गवत उदंड, उंदीर पुष्कळ आणि घुबडें मोजकीं.

सायबेरिया व स्कँडिनेव्हियाच्या टुंड्रांतील मुख्य उंदीर म्हणजे लेमिंग. हा आंखूड शेपटीचा प्राणी हिंवाळाभर बर्फाखालीं बोगदे करून शेवाळ व गवत खातो, तेथेंच वितोहि. दर तीन-चार वर्षांनीं ह्याची संख्या बेसुमार वाढते व लगेच कोसळते. (तो कड्यावरून उड्या घेऊन जीव देतो, ही गोष्ट खोटी, १९५८ च्या एका अमेरिकन चित्रपटानें बनावट देखावा रचून ती रूढ केली.) लेमिंगचा सुकाळ असतां पांढरें हिमघुबड नऊ-दहा अंडीं घालतें, दुष्काळांत एकहि घालीत नाहीं, प्रदेश सोडून निघून जातें. कोल्हा मात्र तेथेंच राहतो आणि जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्या-पिलांवर तुटून पडतो. अशाच टुंड्रांत वीण करणारा टिलवा हिंवाळ्यांत आपल्या जायकवाडीस व नांदूर मधमेश्वरास उतरतो. उत्तरेस उंदीर कमी झाले तर गोदाकांठीं त्या हिंवाळ्यांत नवीं पिलें कमी दिसावीं, इतका हा धागा लांब आहे.

साखळींतून अन्न चढतें तसें विषहि चढतें. रेनडिअर हा टुंड्राचा गुरासारखा प्राणी हिंवाळ्यांत एक प्रकारचें दगडफूल खातो. आपल्या मसाल्यांत पडतें त्याचें दूरचें नातलग. त्यास मुळें नसतात, पोषण हवा-पावसांतून मिळतें. १९८६ मध्यें चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हां हवेंतील किरणोत्सारी द्रव्य त्यानें शोषलें, तें रेनडिअरांत उतरलें आणि स्वीडनमध्यें हजारों जनावरांचें मांस फेकून द्यावें लागलें. त्यांवरच संसार असणाऱ्या सामी पशुपालकांचा ह्यांत कांहींच अपराध नव्हता. आपल्याकडे गुरांस दिलेल्या डायक्लोफेनॅक औषधानें मेलेल्या जनावरांच्या द्वारें गिधाडें मारलीं. २००६ मध्यें त्याच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी झाली, तोंपर्यंत पांढऱ्या पुठ्ठ्याचीं गिधाडें देशांतून जवळजवळ नाहींशीं झालीं होतीं.

आतां धडगांवच्या शेताकडे वळूं. ज्वारी-मक्याच्या दाण्यावर उंदीर. त्यावर धामण, मुंगूस, रानमांजर आणि रात्रीं गव्हाणी घुबड. खाणारे अनेक असल्यामुळें एक उणा पडला तर दुसरा थोडेंबहुत सांवरून घेतो. टुंड्राइतके हेलकावे आपण सोसत नाहीं. पण हे भागीदार आपणच काढून टाकीत आहों. म्हशीचें दूध पिते म्हणून धामणीस काठी बसते. वास्तविक सापास दूध ओढून पिण्याजोगें तोंडच नसतें. घुबड तर अशुभच ठरलेलें. शिवाय रक्त गोठूं न देणाऱ्या विषानें उंदीर तात्काळ मरत नाहीं. दोन-चार दिवस सुस्त फिरतो व घुबडास आयता सांपडतो. प्रस्तुत लेखकानें एके वर्षीं असें विष कणगीपाशीं ठेविलें होतें. आठवड्याभरांत आंगणांत घुबड मरून पडलें. तें कशानें मेलें ह्याची तपासणी केली नाहीं. उंदीर मात्र पुढच्या सुगीस पूर्ववत् हजर होते.

बांधावरील पोकळ झालेला जुना मोह सरपणासाठीं पाडण्यापूर्वीं त्याच्या ढोलींत घुबडाची जोडी आहे काय, हें एकदां रात्रीं पाहावें. ढोलीखालीं केसांच्या व हाडांच्या काळसर गोळ्या पडलेल्या असतात. घुबडास न पचलेला भाग तें ओकून टाकतें, त्याच ह्या गोळ्या. एक गोळी पाण्यांत भिजवून काडीनें सोडविली असतां आंतील उंदरांच्या कवट्या सहज मोजतां येतात.