नावांना अमिता, पत्त्याला साधं अक्षर

तामलवाडी गावातल्या लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावं ‘अमिता’त शोभतील. मोफत मिळणाऱ्या या फाँटची देवनागरी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. तिला हातच्या लिखाणाची लय आहे. ‘तामलवाडी’ हेच नाव मोठं करून पाहा: ‘ल’चा गोलावा आणि ‘डी’ची वेलांटी तेव्हाच खुलते. सन्मानपत्र, कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ, अत्तराच्या बाटलीवरचं लेबल इथंही ती छान दिसते. मात्र दोन-चार शब्दांपुरतीच. बारीक छपाईत नाजूक रेघा तुटतात, ‘द्ध’, ‘क्ष्म’ भरून जातात. म्हणून मुहूर्त आणि पत्ता ‘मुक्त’सारख्या सरळ फाँटात द्यावा. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या गावाच्या फलकाला तर अमिता नकोच. वेगातल्या गाडीतून ती वाचता येणार नाही.